केरबातात्यांचे बिनबुडाचे डबे

आमच्या कॉलनीत केरबातात्यांच्या घरी प्लॅस्टिकचा डबा पाठवायचा झाला, तर बायका आधी त्याच्याकडं एकदा डोळे भरून बघून घेत. आतली भाजी गेली तर त्याचं काही वाटायचं नाही, भाजी जाण्यासाठीच असते. पण डबा पुन्हा भेटेल याची खात्री नसे. भेटलाच तर तात्यांच्या परड्यात, मिरचीच्या रोपावर पालथा, बूड कापलेला आणि मातीत गळ्यापर्यंत रुतलेला. ओळख पटली तरी घरी नेण्यासारखा काही तो राहिलेला नसे.

केरबा चौगुले हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत तेहतीस वर्षं फिटर होते. सत्त्याण्णव साली रिटायर झाले आणि कळंब्याच्या रस्त्यावर आमच्या शेजारी घर बांधून राहायला आले. पहिले दोन महिने त्यांनी घरातले सगळे स्क्रू आवळले. दारं, खिडक्या, मिक्सर, शिवणयंत्र. मग देवघराच्या बिजागऱ्या काढून परत बसवल्या. तिसऱ्या महिन्यात बनावैनींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, त्यांना मागच्या परड्यात हाकललं. म्हणाल्या, "तिथं काय आवळायचं ते आवळा."

परड्यात आवळायला काही नव्हतं. मग तात्यांनी वांगी लावली, मिरची लावली, टोमॅटो लावला. पहिल्या पावसाळ्यात निम्मी रोपं गोगलगायींनी खाल्ली आणि उरलेली आमच्या कोंबड्यांनी. मी कुंपणावरून वाकून म्हटलं, "तात्या, कोंबड्या लहान आहेत हो, त्यांना काय कळतंय." तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, मशीनच्या नाजूक पार्टला गार्ड असतोय. रोपाला गार्ड न्हाय, ही माझी चूक हाय. तुमच्या कोंबड्यांची न्हाय."

त्या दिवसापासून आमच्या कॉलनीतलं प्लॅस्टिक सुरक्षित राहिलं नाही.

पाच लिटरचे गोड्या तेलाचे कॅन, श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे चौकोनी डबे, पाण्याच्या बाटल्या, फिनेलचा काळा कॅन, काहीही. तात्या रॉकेलचा स्टोव्ह परड्यात आणत, लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं त्यावर लाल करत आणि एका टोकाला फडकं गुंडाळून डब्याच्या बुडाशी फिरवत. खरवसाची वडी कापावी तसं बूड अलगद सुटायचं. वास मात्र खरवसासारखा नव्हता. मोठा कॅन असेल तर तो अख्ख्या रोपावर टोपीसारखा बसे. झाकण दिवसा उघडं, सांजच्याला बंद. आइस्क्रीमच्या डब्याची नुसती कड राहिली तर ती रोपाच्या बुंध्याभोवती मातीत रोवली जाई, म्हणजे गोगलगाय आली तरी चढता चढता तिला आयुष्याचा विचार करायला वेळ मिळे. कापलेली बुडंसुद्धा वाया जात नसत. कुंड्यांखाली बशा म्हणून लागत.

सुरुवात अर्थातच सरळ झाली नाही. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात तात्यांनी काकडीच्या वेलांवर पांढरे कॅन ठेवले, झाकणं घट्ट लावली आणि दोन दिवस बहिणीकडं गेले. आले तोवर काकड्यांची रोपं वाफवून तयार होती. बनावैनी म्हणाल्या, "मीठ लावून वाढू का?" तात्यांनी दाभण तापवून प्रत्येक कॅनला मोजून बारा भोकं पाडली. तेव्हापासून प्रत्येक गार्डला बारा. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं की अकरानं काय बिघडेल, तर तात्या त्यांच्याशी आठवडाभर तुटक वागले.

आता यात रोपांचं भलं झालं हे मी नाकारत नाही. वांगी अशी लागली की रस्त्यावरचे लोक थांबून बघत. पण आमच्याकडं एक रीत आहे, आणि ती तात्यांच्या गार्डात अडकली. दुसऱ्याच्या घरून डबा आला तर तो रिकामा परत करत नाहीत. पातळ भाजी आली असेल तर परत जाताना त्यात दोन लाडू, नाहीतर मूठभर शेंगा, अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर. कॉलनीत कोण कुणाशी बोलतंय आणि कोण कुणावर रुसलंय हे डब्यात काय घालून आलं यावरून कळतं. तात्यांच्या घरी डबा शिरला की हा सगळा व्यवहारच बुडाला. रिकामाही परत नाही, भरलेलाही नाही. रुसावं तरी कशावर?

हळूहळू बायका बनावैनींकडं स्टीलच्या भांड्यातून पदार्थ पाठवू लागल्या. कोपऱ्यावरच्या एकीनं तर संक्रांतीला भोगीची भाजी केळीच्या पानात बांधून दिली. बनावैनींना ते फार लागलं. त्यांनी घरातल्या प्लॅस्टिकसाठी एक कपाट ठरवलं आणि त्याला कुलूप घातलं. किल्ली मंगळसूत्राला. दागिन्यांचं कपाट शेजारीच होतं, त्याला नुसती कडी.

बनावैनींची थोरली बहीण बायडाबाई कुरुंदवाडला दिलेली. पाठोपाठच्या बहिणी. पण बनावैनी आमच्या शेजारी आल्या तेव्हा दोघींत अबोला होता, आणि त्याचं कारण मला बनावैनींनी स्वतः सांगितलं, निदान तीसेक वेळा. पंच्याण्णव साली भाच्याच्या जावळाला दोनशे माणसांचा तांबडा रस्सा बनावैनींनी केला. पंगतीत बायडाबाईंनी पहिला घोट घेतला आणि चाळीस बायकांच्या देखत विचारलं, "बने, ह्यात चटणी घातलीयास की दाजींच्या फौंड्रीतलं ऑइल?" चाळीस बायका हसल्या. बनावैनींनी हातातला डाव तिथंच ठेवला आणि एस्टी धरून घर गाठलं.

आमच्या कोल्हापुरात बाईच्या रूपाला नाव ठेवा, माहेराला ठेवा, नवऱ्याला तर खुशाल ठेवा. दोन दिवसांत विसरेल. रश्श्याला नाव ठेवलं की ते जन्माचं झालं. आठ वर्षं दोघी बहिणी लग्नाकार्यात मांडवाच्या दोन टोकांना बसल्या. बनावैनी मात्र कुरुंदवाडकडचं कुणीही भेटलं की सहज विचारल्यासारखं विचारत, "तिकडं पाऊसपाणी बरं हाय नव्हं?" पावसापाण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. अक्काचे गुडघे कसे आहेत हे कुणी आपणहून सांगावं, एवढीच इच्छा.

आणि दोन हजार तीनच्या मे महिन्यात डबा आला.

आमच्या कॉलनीतला आकाराम एस्टीत कंडक्टर. त्याची ड्यूटी तेव्हा कुरुंदवाडच्या गाडीवर होती. एका संध्याकाळी तो पिशवी छातीशी धरून बनावैनींच्या दारात उभा राहिला. "कुरुंदवाडच्या अक्कांनी दिलाय. म्हणाल्या आडवा करू नको, सांडू नको. इचलकरंजीपासनं निम्मी तिकिटं एका हातानं फाडलीत मी."

पिशवीत एक गोल पांढरा डबा होता, फिरकीच्या निळ्या झाकणाचा, दीडेक किलोचा. आत बासुंदी. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

बनावैनी अर्धा तास त्या डब्यासमोर बसल्या. मी बोलावणं नसताना गेले होते, त्यामुळं हे सगळं मला नीट दिसलं. शेवटी त्यांनी चमचाभर घेतली. डोळ्यांत पाणी आलं. पदरानं पुसून म्हणाल्या, "वेलदोडा जास्त झालाय."

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. डबा परत जाणार की. पण साखर घालून न्हाय."

त्यांचं म्हणणं मी तुम्हाला उलगडून सांगते. अक्कानं बासुंदी पाठवली म्हणजे एक पाऊल टाकलं. डबा रिकामा गेला तर विषय कायमचा संपला. साखर गेली तर नुसतं ‘पोचलं’ एवढंच. बनावैनींना त्या डब्यातून चटणी पाठवायची होती. आमची चटणी म्हणजे वर्षाची, कांदा-लसणाची, जिच्यावर रस्सा उभा राहतो ती. जिला अक्का फौंड्रीचं ऑइल म्हणाली तीच. अक्कानं ती ठेवून घेतली, तर तिनं शब्द मागं घेतला असं समजायचं आणि बोलायला लागायचं. बनावैनींची आठ वर्षं त्या निळ्या झाकणाच्या डब्यात येऊन बसली होती.

मग घरात मिरच्या आल्या. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. तीन दिवस भाजणं चाललं. शेजारी आम्ही शिंकत होतो, आमच्या कोंबड्यासुद्धा शिंकल्या असतील. डबा मात्र दुधाचा वास सोडेना. बनावैनींनी तो लिंबानं घासला, राखेनं घासला आणि शेवटी मागच्या पायरीवर उन्हात पालथा घातला. चौथ्या दिवशी सकाळी डंकावर चटणी कुटून आणायला निघाल्या. तिथं मे महिन्यात बायकांची रांग असते, अख्खा दिवस जातो. जाताना मला कुंपणावरून सांगितलं, "वैनी, मी डंकावर निघालोय. पायरीवर डबा हाय, जरा लक्ष ठेवा."

आणि मी लक्ष ठेवलं. ते खोटं नाही. शेवटपर्यंत बघत होते.

दुपारी चारला आभाळ भरून आलं. वळीव येणार हे कळत होतंच, पण ढगांचा रंग गारांचा होता. तात्या परड्यात धावले. त्यांनी आठ दिवसांपूर्वी वांग्याची चौदा रोपं लावली होती. एकेकावर गार्ड चढवत गेले. तेरा रोपं झाकली. चौदावं उघडं राहिलं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तेरा वाचली, एक गेलं तर गेलं. पण तेहतीस वर्षं ज्या माणसानं प्रत्येक नटाखाली वॉशर घातला, त्याला एक रोप उघडं ठेवणं म्हणजे अंगावर शर्ट नसल्यासारखं झालं. त्यांनी घरात जाऊन कपाट हलवलं. कुलूप. किल्ली डंकावर. बाहेर येऊन इकडं तिकडं बघितलं, आणि पायरीवर पालथा पडलेला पांढरा डबा त्यांना दिसला. पालथाच असल्यामुळं त्यांना तो निम्मा तयार वाटला असावा.

मी दोरीवरचे कपडे काढत होते. स्टोव्ह पेटला, पातं तापलं, सगळं दिसलं. कुणाचा तरी डबा गेला, एवढंच मनात आलं आणि जरा मजाही वाटली. मग पायरीवर उरलेलं निळं झाकण दिसलं. तोवर पातं निम्म्यावर गेलं होतं.

"तात्या," मी म्हटलं, "हा डबा कुणाचा?"

"डबा कुणाचा असतोय वैनी? ज्याला गरज त्याचा."

निम्मं कापलेलं बूड परत जोडता येत नाही आणि ढग डोक्यावर आले होते, म्हणून मी पुढं काही बोलले नाही. शिवाय बोलले असते तर पहिला प्रश्न मला विचारला गेला असता.

गारा पडल्या. लिंबाएवढ्या नव्हत्या, पण कॉलनीतली सगळी रोपं झोपली. तात्यांच्या परड्यात चौदा डबे तडतडत होते. पाऊस थांबल्यावर तात्यांनी एकेक झाकण उघडून बघितलं. चौदाच्या चौदा उभी.

बनावैनी साडेसहाला आल्या, नखशिखांत भिजलेल्या. चटणीचा स्टीलचा डबा पदराखाली कोरडा. आल्या आल्या त्यांची नजर पायरीवर गेली. मग परड्यात.

तात्या उत्साहात होते. "बने, बघ की. अख्ख्या कॉलनीत फक्त आपली वाचली."

बनावैनी चौदाव्या रोपापाशी गेल्या. "ह्यो कुठला?"

"पायरीवर पडलाता. मापात बसला बघ अगदी."

बनावैनी ओरडतील म्हणून मी कुंपणाला नीट टेकून उभी राहिले होते. त्या ओरडल्या नाहीत. चटणीचा डबा मांडीवर घेऊन भिजल्या लुगड्यानं त्याच पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "अक्काचा डबा होता त्यो."

तात्यांच्या हातातलं झाकण खाली पडलं. आठ वर्षं त्यांनीही ती गोष्ट ऐकली होती, माझ्यापेक्षा जास्त वेळा. शेवटी ऑइल त्यांच्या फौंड्रीचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी दुरुस्ती हाती घेतली. बूड कुंडीखालून काढून धुतलं. पातं तापवून दोन्ही कडा वितळवल्या आणि जोडल्या. जोड असा झाला की एखाद्या पंपाला शोभावा. मग त्यात पाणी भरून टेस्ट घेतली. सात ठिकाणी लिकेज. तात्यांनी खडूनं सातही ठिकाणी खुणा केल्या, परत वितळवलं. आता नऊ. बनावैनी म्हणाल्या, "चटणीला तेल सुटतंय. आकारामच्या खाकी पँटीवर सांडली तर त्येची नोकरी जाईल."

आकाराम रोज संध्याकाळी विचारायला येई. "वैनी, डबा तयार हाय का? अक्का रोज स्टँडवर येऊन बसत्यात. गाडी लागली की पहिला माझा हात बघत्यात."

हे ऐकलं की बनावैनींचा चेहरा असा होई की मलाही दोन मिनिटं गंमत सुचत नसे. "एवढी वाट बघायलीय," त्या म्हणत. "आन मी काय पाठवू? बिनबुडाचा पाठवू?"

मी सुचवलं, तसाच नवा आणा. तात्या लगेच लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेले, खिशात व्हर्नियर कॅलिपर घालून. जुन्या झाकणाचा व्यास आधी वहीत टिपला होता. तीन दुकानांत त्यांनी डब्यांची तोंडं मोजली. चौथ्या दुकानदारानं विचारलं, "पावणं, डबा घ्यायचाय का डब्याचं लग्न जमवायचंय?" शेवटी तसाच पांढरा डबा मिळाला, पण गुलाबी झाकणाचा. निळं झाकण त्यावर बसेना, फिरकीचा आटा निम्म्या मिलिमीटरनं वेगळा. तात्या म्हणाले, निम्मा मिलिमीटर घासून काढतो. बनावैनी म्हणाल्या, "घासा. पण अक्का माझी बहीण हाय. तिला स्वतःचा डबा कळत न्हाय व्हय?"

मग राहिला शेवटचा उपाय, बनावैनींचा स्वतःचा स्टीलचा डबा. लग्नातला, नाव घातलेला, उभट. पण तो पाठवायचा म्हणजे अक्काचा डबा घरात ठेवून घेतल्यासारखं. बासुंदी खाल्ली, डबा गिळला आणि वर आपलं नाव दाखवलं. मी बोलून गेले, "आणि अक्कांनी तो रिकामा परत केला तर?" त्यानंतर दोन दिवस बनावैनी माझ्याशी बोलल्या नाहीत.

रविवारी सकाळी आकाराम आला तो एकटा नव्हता. त्याच्यामागं गुडघे धरत, हातात छत्री घेऊन, एक ठेंगणी बाई येत होती. तिचं नाक बनावैनींचं होतं. मी भाजी निवडायला कुंपणाजवळ बसले.

बायडाबाई दारात थांबल्या. बनावैनी आतून आल्या आणि त्याही थांबल्या. आठ वर्षांत दोघींचेही केस पांढरे झालेले.

"डबा न्यायला आलोय," बायडाबाई म्हणाल्या.

नमस्कार नाही, कशी आहेस नाही. बनावैनींनी आत बघितलं, परड्याकडं बघितलं आणि खाली बघितलं. तेव्हा मधल्या दारातून तात्या पुढं आले. त्यांनी बहुधा आधीच पाठ करून ठेवलं असावं.

"अक्का, मागं या. दावतो."

परड्यात त्यांनी बायडाबाईंना चौदा वांग्यांपुढं उभं केलं. पावसाच्या भीतीनं दुरुस्तीचा डबा, जोडलेलं बूड काढून, परत चौदाव्या रोपावर गेला होता. फिटरचा जीव, करणार काय. तात्यांनी तो उचलून दोन्ही हातांवर धरला. "ह्यो तुमचा डबा. बूड मी कापलं. जोडायला बघितलं, लिकेज न्हाय थांबलं. बनीचा काय दोष न्हाय. तिची चटणी आठ दिवस तयार हाय."

बायडाबाई कपडे धुवायच्या दगडावर बसल्या. डबा हातात घेऊन त्यांनी आतून आरपार आभाळाकडं बघितलं. मी गवारीच्या शेंगा न निवडताच सुपात टाकत होते.

"माझा असता तर बरं झालं असतं की ओ दाजी," त्या शेवटी म्हणाल्या.

"म्हंजे?" बनावैनी.

"धोंडुबाईचा हाय."

कोण धोंडुबाई हे त्यांनी मग सांगितलं. कुरुंदवाडची त्यांची दाराला दार लावून राहणारी शेजारीण. शिवरात्रीच्या वेळी तिनं त्या डब्यातून सांडगे दिले होते. तेव्हापासून तीनदा डबा मागून झाला होता, चौथ्यांदा ती सुनेला घेऊन मागायला आली. बासुंदी एस्टीतून न सांडता जायची तर घट्ट झाकणाचा डबा पाहिजे, आणि बायडाबाईंच्या घरात तसा तेवढाच एक होता. "म्हटलं, चार दिवसांत बनीकडनं भरून येईल, तसाच धोंडुबाईच्या दारात ठेवीन. म्हणून मी रोज स्टँडवर."

बनावैनींचा आवाज बदलला. "म्हंजे तू डब्यासाठी बसत हुतीस स्टँडवर."

इथं मी हातातली शेंग खाली ठेवली. आठ दिवस ही बाई अक्का वाट बघतेय, अक्का वाट बघतेय म्हणून झुरली होती, आणि अक्का बघत होती ती धोंडुबाईच्या डब्याची. बनावैनी तिथून आत गेल्या असत्या तर पुढची आठ वर्षं नक्की होती. त्या वळल्याही होत्या.

"थांब गं ए," बायडाबाई म्हणाल्या. "डबा धोंडुबाईचा. बासुंदी काय धोंडुबाईची हुती? तीन लिटर दूध आटवलं मी. ह्या गुडघ्यांनी चुलीपुढं उभी राहून."

बनावैनी पाठ करूनच उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, "वेलदोडा जास्त झालता."

"व्हय. घालताना ध्यानात न्हाय राहिलं. तुझंच डोक्यात हुतं." मग बायडाबाई दगडावरून उठल्या आणि डबा तात्यांच्या हातात दिला. "ठेवा ह्यो रोपावर. आज रविवार हाय. बने, जेवायला घालणार हायस का मी आकारामच्या घरी जाऊ?"

रस्सा झाला. नव्या चटणीचा. मलाही वाटीभर आला, स्टीलच्या वाटीत. बायडाबाईंनी पहिला घोट घेतला तेव्हा बनावैनी चुलीकडं तोंड करून उभ्या होत्या, आणि तात्या, आमचे हे, मी, सगळे बायडाबाईंच्या तोंडाकडं बघत होतो. बायडाबाईंनी दुसरा घोट घेतला. मग वाटी पुढं केली. तिसऱ्या वाटीनंतर म्हणाल्या, "आता बरा करतीस."

"आता म्हंजे?" बनावैनी वळल्या.

तात्या घाईघाईनं म्हणाले, "भात वाढ, भात."

दुपारभर दोघी बहिणी डोकं जोडून बसल्या. विषय एकच. धोंडुबाईला काय सांगायचं. एस्टीत हरवला म्हणावं तर आकारामवर येतं. उंदरानं कुरतडला म्हणावं तर धोंडुबाई तुकडे मागेल. गारांनी फुटला हे जवळजवळ खरं होतं, पण कुरुंदवाडला गारा पडल्या नव्हत्या. शेवटी ठरलं की काही सांगायचंच नाही. त्याच्याऐवजी बनावैनींचा लग्नातला, नाव घातलेला स्टीलचा डबा काठोकाठ चटणी भरून धोंडुबाईच्या दारात ठेवायचा. एवढी चटणी बघून प्लॅस्टिकचं नाव तिच्या तोंडून निघणार नाही. बायडाबाईंसाठी चटणी वेगळी बांधली, कागदात. "डबा नको," त्याच म्हणाल्या. "मला पुन्हा डब्यासाठी स्टँडवर बसायचं न्हाय."

प्लॅस्टिकचं नाव खरंच निघालं नाही. धोंडुबाईनं चटणी ठेवून घेतली, वास घेतला, वाखाणली. पण स्टीलचा एवढा चांगला डबा रिकामा परत करणं तिला बरं वाटेना, आणि त्या तोलामोलाचं त्यात काय घालावं ते तिला सुचेना. दिवाळीला घालीन म्हणाली. मग संक्रांत. मग सुनेचं डोहाळजेवण.

आज दोन हजार सात चाललंय. डबा अजून कुरुंदवाडातच आहे. दर रविवारी सकाळी बायडाबाईंचा फोन येतो आणि बनावैनी हॉलमध्ये उभ्या राहून तासभर मोठमोठ्यानं बोलतात. अबोला होता तेव्हा आमची रविवारची झोप तरी होत होती. धोंडुबाईनं काल तो डबा घासून दारात वाळत घातला होता, बायडाबाईंनी तो लांबून ओळखला, उचलून आणावा असं तीनदा मनात आलं, अशा बातम्या कुंपणाच्या अलीकडं आम्हाला स्पष्ट ऐकू येतात. तात्या तेव्हा परड्यात असतात. मागच्या रविवारी त्यांनी खिडकीतून आत सांगितलं, "अक्कांना म्हणावं, बघा तरी, त्यात काय रोप लावलंय का तिनं."

बनावैनींनी फोनवर हात ठेवला आणि त्यांना आत यायला सांगितलं. मी भाजी निवडायला कुंपणाजवळ गेले.